रामन राघव: कोंबडी खरी, फाशी खोटी

"वर्षानुवर्षं पोलिसांना चकवणाऱ्या चलाख रामन राघवने कोंबडीच्या ताटावर 41 खून कबूल केले आणि त्या कबुलीवर तो फासावर गेला," असा मजकूर पुन्हा फिरतोय. यातली कोंबडी तेवढी खरी.

आधी चलाखी. 1965-66 साली मुंबईत रेल्वेमार्गालगतच्या वस्त्यांत 19 जणांवर हल्ले झाले, त्यात नऊ दगावले. राघव तेव्हाच संशयित म्हणून हाती लागला होता, पण पुराव्याअभावी सुटला. झोपेत डोक्यात घाव बसलेला माणूस वाचला तरी हल्लेखोर ओळखणार कसा? हे चलाखीचं काम नव्हतं, उघड्यावर निजणाऱ्यांना गाठायचं होतं.

पकडला गेला तोही साध्या कामातून. 1968 साली पुन्हा असेच खून झाले, तेव्हा गुन्हे शाखेचे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या तपासात त्याचे जुने फोटो आणि वर्णन पोलिसांत फिरत होतं. 27 ऑगस्ट 1968 रोजी फौजदार अ‍ॅलेक्स फियालोंनी त्यावरून त्याला ओळखलं. त्याने नाव सांगितलं सिंधी दलवाई, पण बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले. अंगझडतीत चष्मा, दोन कंगवे, कात्री, लसूण, चहाची भुकटी निघाली. कपड्यांवर रक्ताचे डाग होते.

आता कबुली. बराच काळ तो गप्प होता. मग कोंबडी मागितली, पुन्हा कोंबडी, मग केसांना तेल, कंगवा, आरसा. त्यानंतर बोलला. पण तेव्हाच्या (2024 पर्यंत लागू असलेल्या) पुरावा कायद्याच्या कलम 25 प्रमाणे पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालतच नसे, ताटात काहीही असो. कलम 27 खाली त्यातला तेवढाच भाग टिके, ज्यावरून हत्यारासारखी वस्तू सापडे. म्हणून तर पंचांसमक्ष जप्ती लागे. राघवने लपवलेली हत्यारं दाखवली, तपासाला उपयोग झाला तो त्याचा. पुढे सत्र न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला, ती गोष्ट वेगळी. आणि 41 हा त्याचा स्वतःचा आकडा. अटक झाली ती मालाडच्या चिंचवलीतल्या दोघांच्या खुनाबद्दल.

फाशी सुनावली गेली, दिली गेली नाही. त्याने अपीलच केलं नाही. तरीही मृत्युदंडाला उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब लागतंच, अपील असो वा नसो. खटल्याच्या वेळी पोलीस सर्जनने (पोलिसांसाठी काम करणाऱ्या सरकारी डॉक्टरने) त्याला शहाणा ठरवलं होतं. बचाव पक्षाच्या मनोविकारतज्ज्ञाने मात्र जुनाट स्किझोफ्रेनिया, म्हणजे वास्तवाचं भान हरपणारा गंभीर मनोविकार, सांगितला. उच्च न्यायालयाने तीन तज्ज्ञांचं मंडळ नेमलं. त्यांच्याशी हस्तांदोलन करायला राघवने नकार दिला. आपण 'कानून'चे प्रतिनिधी, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं त्याचं म्हणणं. आजार बरा न होणारा ठरला आणि 1987 साली फाशीची जन्मठेप झाली.

"वेडाचं सोंग करून सुटला" असंही काही जण म्हणतात, हे म्हणजे खोट्यावर खोटं. तेव्हाच्या दंड विधानाच्या कलम 84 खाली गुन्ह्याच्या क्षणीचं वेड सिद्ध झालं असतं, तर तो निर्दोष ठरला असता. इथे दोष कायम राहिला, फक्त शिक्षा बदलली. ती भोगत असतानाच 1995 साली पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मेला.