थिया लाफॉन्ड नक्की कुठल्या देशाची?
ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की पॅरिसला तिहेरी उडीत गोल्ड मारणारी थिया लाफॉन्ड डॉमिनिकन रिपब्लिकची. नाही हो, ती डॉमिनिकाची, कॅरिबियनमधलंच पण वेगळं बेट, लोकसंख्या 70 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. 3 ऑगस्ट 2024 ला तिने दुसऱ्याच उडीत 15.02 मीटर गाठले आणि देशाला पहिलंवहिलं ऑलिंपिक मेडल मिळालं, ते पण थेट गोल्ड! डॉमिनिकन रिपब्लिक खूप मोठा देश, त्यांची पॅरिसची गोल्डवाली मेरिलेडी पॉलिनो, 400 मीटर, 48.17 सेकंद. आणि हो, थियाने गोल्ड मारलं त्याच संध्याकाळी 100 मीटर जिंकणारी ज्युलियन आल्फ्रेड पण जमैकाची नाही बरं का, सेंट लुसियाची, त्यांचंही ते पहिलंच मेडल.