टेम्पो ट्रेनर आणि पाण्याची जाण : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पोहण्याच्या सरावात ठरावीक वेळाने बीप देणाऱ्या टेम्पो ट्रेनर या छोट्या यंत्रावरील माझ्या लेखावर आपला आक्षेप असा आहे की, टोपीखाली बसवलेल्या या यंत्राच्या बीपवर हात मारणारी मुले पाण्याची जाण, म्हणजे पाण्यातली आपली हालचाल आणि वेग स्वतः ओळखण्याची क्षमता, गमावतात, घाईने आखूड हात मारू लागतात आणि स्पर्धेत हे यंत्र निषिद्ध असल्यामुळे तिथे गोंधळतात. त्याऐवजी भिंतीवरचे घड्याळ पुरेसे आहे, असे आपण सुचवले आहे.

आखूड हातांचा धोका मला पूर्ण मान्य आहे. पोहण्याचा वेग म्हणजे हातांची गती आणि प्रत्येक हातामागे कापलेले अंतर यांचा गुणाकार होय. २५ मीटरच्या तलावात भिंतीला रेटा देऊन निघण्यात ३ सेकंद जातात आणि उरलेल्या अंतराला १८ हात लागतात, असा फ्रीस्टाइल पोहणारा मुलगा धरू. बीप दर १.१० सेकंदाला असेल, तर तो २२.८ सेकंदांत पोहोचेल. बीप १ सेकंदावर आणली आणि हात १८च राहिले, तर २१ सेकंद लागतील. परंतु घाईत तेच हात २० झाले, तर २३ सेकंद लागतील, म्हणजे लय वाढूनही वेग घटेल. म्हणूनच हात मोजण्याची सवय लागण्यापूर्वी कोणालाही बीप देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

गतीचे नियोजन शिकवताना मात्र बीप प्रत्येक हाताला नव्हे, तर प्रत्येक भिंतीला लावायची असते, म्हणजे ती वाजताना मुलगा भिंतीशी पोहोचलेला असावा. २५ मीटरच्या तलावात ४०० मीटर ६ मिनिटांत पोहायचे असेल, तर ती दर २२.५ सेकंदांनी वाजेल. आपण ज्या जाणिवेवर भिस्त ठेवता, ती नेमकी सुरुवातीच्या ५० मीटरांत फसवी ठरते, कारण ताज्या शरीराला जादा वेग जाणवतच नाही. पाण्याचा अवरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे केवळ ५ टक्के जादा वेगाला सुमारे १६ टक्के जादा शक्ती खर्च होते आणि तिची किंमत शेवटच्या १०० मीटरांत मोजावी लागते. भिंतीवरचे घड्याळ ही चूक पोहून झाल्यावर दाखवते. बीप ती पहिल्याच वळणावर, म्हणजे सुधारता येण्याजोगी असताना, दाखवते.

गती राखण्यास मदत करणारे साधन स्पर्धेच्या नियमांत बसत नाही, हे खरेच आहे, आणि म्हणून बीप सरावातही टप्प्याटप्प्याने काढून घ्यावी लागते. आधी संपूर्ण अंतर बीपसह, नंतर फक्त पहिले १०० मीटर बीपसह आणि अखेरीस बीपशिवाय पोहायला लावावे. या शेवटच्या टप्प्यात, आपण सुचवलेले घड्याळ पाहण्यापूर्वी मुलाने आपली वेळ स्वतः सांगावी. अंदाज आणि घड्याळ यांतील फरक कमी होऊ लागला, की जाण तयार होत आहे असे समजावे.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मात्र मी आपल्या बाजूने आहे. हात पुढे ताणून सरकत राहण्याचा क्षण त्यात फार मोलाचा असतो, आणि नवशिक्यांना हाताहातावर बीप दिल्यास पहिला बळी त्याचाच जातो. त्यांच्यासाठी ती केवळ भिंतीपुरती ठेवावी.