आम्लात जंतू जगत नाही, तर रस कोणाला पाजता?

नागपुरात महालात राहणाऱ्या आमच्या आत्याने अल्सरवरच्या 14 दिवसांच्या गोळ्या पाचव्या दिवशी बंद केल्या. भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला होता: "पोटातल्या आम्लात कोणताच जंतू जगत नाही. अल्सर तिखटाने होतो. एच. पायलोरी हा औषधवाल्यांचा धंदा आहे. 7 दिवस अनशापोटी संत्रा-लिंबाचा रस घ्या, जंतू मरतो."

काय राजेहो! जंतू जगतच नाही, तर रस मारतो कोणाला? लिहिणाऱ्याने स्वतःचंच पहिलं वाक्य वाचलं नाही, आणि वीस जणांनी हात जोडून पुढे पाठवलं.

जंतू जगतो. एच. पायलोरी म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, हा मळसूत्रासारखा पिळदार जीव आहे. युरिएज नावाच्या विकराने (एन्झाइमने) तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. मग शेपट्या हलवत जठराच्या अस्तरावरच्या चिकट थरात घुसतो. तिथे आम्ल कमी असतं. जठरातलं आम्ल लिंबाइतकं, बरेचदा त्याहून जहाल. त्यात मुरलेल्या जंतूला तुमचा ग्लासभर रस काय करणार?

"धंदा" म्हणणाऱ्यांसाठी: ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांना हा जंतू काचेच्या बशीत वाढत नव्हता. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिल्या, आणि तो उगवला. तरी कोणी मानेना, म्हणून 1984 मध्ये मार्शल यांनी त्याचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या, जठराला सूज, आणि तपासणीत तोच जंतू. 2005 चं वैद्यकाचं नोबेल दोघांना मिळालं.

तिखटाचं म्हणाल, तर अर्धं मान्य. सावजी रस्सा किंवा तर्री पोहे हाणले की आधीच सोललेलं पोट बोंबलतंच. पण बहुतेक अल्सरचं मूळ हा जंतू नाहीतर दुखण्यावरच्या गोळ्या, ज्या आत्या गुडघ्यांसाठी चण्यासारख्या खाते. हेही खरं की हा जंतू जगातल्या निम्म्याच्या आसपास लोकांच्या पोटात असतो, बहुधा लहानपणी घरातूनच आलेला, आणि बहुतेकांना काही होत नाही. पण आत्याला अल्सर झालाय!

माझा राग खरा "गोळ्या बंद करा"वर आहे. या उपचारात दोन-तीन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी एकत्र देतात, कारण एकट्याने हा जंतू हटत नाही. मधेच सोडलं की चिवट निघालेले उरतात आणि पुढच्या वेळी तीच औषधं लागू पडत नाहीत. शिवाय 1994 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला जठराच्या कॅन्सरचं कारण म्हणून पहिल्या गटात टाकलंय. मेसेजवाला तेव्हा येणार आहे का रस घेऊन?

काल आत्याला परत डॉक्टरांकडे नेलं. उरलेल्या गोळ्या परस्पर सुरू करू नका म्हणाले, नवा कोर्स लिहून दिला. तो संपल्यावर महिन्याभराने श्वासाची तपासणी, आणि तिच्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद. ती तारीख मीच फ्रिजवर चिकटवलीय. आत्या घरी आल्यावर म्हणाली, "मग संत्री खाऊ की नको?" खा ना बाप्पा, जेवणानंतर.