एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर: टोपीचा गोंडा, 'फॉक्स फर' आणि हातमोजे

ताई, नमस्कार. मनालीच्या सहलीसाठी सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या दुकानातून तुम्ही लोकरी टोपी आणि चामड्याचे हातमोजे नेले. टोपीवरचा गोंडा कुत्र्याच्या केसांचा आहे हे जाळून पाहिल्यावर कळलं, बिलात 'फॉक्स फर' लिहून फसवलं, हातमोजेही कुत्र्याच्या चामड्याचे आहेत आणि त्यांचा रंग हाताला लागतो, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय 'भारतात बंदी आहे, मग माल येईल कुठून' असं काउंटरवरून उत्तर मिळालं, हीही तक्रार आहे. गोंडा, बिल आणि ते उत्तर या तिन्हींत चूक आमची. हातमोजे कुत्र्याच्या चामड्याचे, हे म्हणणं मात्र मान्य नाही.

आधी गोंडा. त्याच लॉटमधल्या उरलेल्या टोप्यांचे गोंडे उसवून पाहिले. नकली फर असेल तर फुंकर मारून केस बाजूला केल्यावर बुडाशी विणलेलं कापड दिसतं आणि टाचणी त्यातून सहज आरपार जाते. इथे पांढुरकी पातळ कातडी दिसली, टाचणी अडली. केसांची टोकंही निमुळती होती. नकली फरची टोकं बहुधा कापल्यासारखी बोथट असतात. म्हणजे फर खरीच आहे. व्यापाऱ्याच्या बिलावर 'आर्टिफिशियल' होतं आणि आम्ही न तपासता तेच पुढे ढकललं. त्या टोप्या विक्रीतून काढल्या आहेत.

पण जाळून पाहण्याने जनावर कळत नाही. केस, लोकर, पीस ही सगळी केराटिन नावाच्या प्रथिनाची. सशाचा केस असो, मेंढीची लोकर असो की आपल्या डोक्यावरचा केस, वास एकच येतो आणि राख चिमटीत चुरते. नकली फरचं ॲक्रिलिक मात्र वितळून आक्रसतं आणि गार झाल्यावर कडक काळा मणी उरतो. तुमची टोपीच लोकरीची आहे, त्यामुळे गोंड्याच्या बुडातून केस ओढताना दोन धागे लोकरीचे आले तरी निकाल चुकतो. पुन्हा करायचंच असेल तर वरच्या टोकाकडचे आठ-दहा केस कापून चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा. टोपीला धरून काडी ओढू नका.

आता 'फॉक्स'. नकली फरसाठीचा मूळ फ्रेंच शब्द 'फो' असा उच्चारतात. स्पेलिंगमध्ये शेवटी एक्स दिसतो म्हणून गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीपासून बिलापर्यंत सगळे 'फॉक्स' म्हणतात. फॉक्स म्हणजे कोल्हा, त्यामुळे एकाच शब्दात नकलीही आलं आणि जनावरही. गंमत अशी की दोन्ही अर्थांनी आमचं बिल खोटं ठरू शकतं. आता बिलात 'नकली फर' किंवा 'खरी फर' एवढंच मराठीत लिहितो.

मग हा केस कुणाचा? लांब, टोकाला काळपट, खाली दाट मऊ लव, हे वर्णन रॅकून डॉगला बसतं. नावात डॉग असला तरी तो पाळीव कुत्रा नव्हे. कुत्र्याच्याच कुळातला, पण कोल्ह्यांना जास्त जवळचा. चीनमध्ये फरसाठी मोठ्या प्रमाणावर पाळतात. रंगवलेल्या, ब्लीच केलेल्या गोंड्यावर नजरेने छातीठोकपणे सांगणं मात्र अशक्य. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली केसाचे खवले आणि आतला गाभा पाहावा लागतो.

कायद्यातही हाच फरक महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेच्या 2000 सालच्या कायद्याने कुत्र्या-मांजराच्या फरची आयात, निर्यात आणि विक्री बंद केली. हेतुपुरस्सर केलं तर एका उल्लंघनाला 10,000 डॉलरपर्यंत दंड. पण त्यात कुत्रा म्हणजे 'कॅनिस फॅमिलिॲरिस', म्हणजे फक्त पाळीव कुत्रा, म्हणून रॅकून डॉग त्यातून सुटतो. तिथे लेबलवर जनावराचं नाव लिहावंच लागतं. 150 डॉलरपर्यंतच्या फरला असलेली सूट 2010 च्या कायद्याने गेली. युरोपीय संघातही कुत्र्या-मांजराच्या फरवर बंदी आहे: नियम 1523/2007, लागू 31 डिसेंबर 2008 पासून. आपल्याकडे जानेवारी 2017 मध्ये आयातबंदी झाली ती सरपटणाऱ्या प्राण्यांची कातडी आणि मिंक, कोल्हा, चिंचिला यांच्या फरवर. 'भारतात बंदी आहे' एवढ्यावर तुमचं समाधान करायला नको होतं. बंदी कशावर, हे त्या यादीत वाचावं लागतं. एक उपयोगी खूण सांगतो: एक्स्पोर्ट सरप्लसच्या कपड्यावर 'कंटेन्स नॉन-टेक्स्टाइल पार्ट्स ऑफ ॲनिमल ओरिजिन' अशी ओळ असेल, तर त्यात चामडं, फर, हाड असं काहीतरी जनावराचं आहेच. युरोपात ती ओळ सक्तीची आहे.

हातमोजे बकरीच्या चामड्याचे आहेत. दहापट भिंगाखाली अंगठ्याजवळचा न ताणलेला भाग बघा: बारीक रंध्रं ओळी-ओळींनी दिसतात. डुकराच्या चामड्यावर ती तीन-तीनच्या झुबक्यात असतात. चामडं घासून वर रंगाचा जाड थर दिला की ही खूण पुसली जाते आणि मग भिंगाचाही उपयोग नाही. तुमच्या जोडीवर थर पातळ आहे, म्हणून दिसते. इथे कुत्रा मारला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. बकरीची कातडी खाटीकखान्यातून रोजची मिळत असताना कुणी तो धोका का पत्करेल? प्रयोगशाळेतूनच खात्री हवी असेल तर डीएनएच्या भरवशावर राहू नका, क्रोम टॅनिंगमध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी चामडं कमावताना, तो तुटतो. चामड्यातल्या कोलॅजन प्रथिनावरून प्राणी ओळखणारी तपासणी मागा. शिवणीच्या आतला बोटभर तुकडा पुरतो. चामडं बकरीचं नाही असं निघालं तर तपासणीचा खर्च आमचा.

हाताला रंग लागला हे खरं असणार. ओल्या पांढऱ्या फडक्याने आतून दहा वेळा पुसा. त्यानंतरही फडक्यावर रंग येत राहिला तर जोडी बदलून देऊ.

टोपीचे पूर्ण पैसे परत. गोंडा उसवलेला, जळलेला असला तरी चालेल, बिल नसलं तरी चालेल. फक्त टोपी उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, सोलापूरच्या मे महिन्यात बुडाची कातडी वाळून तडकते आणि केस झडतात. मग व्यापाऱ्याला दाखवायला आमच्या हातात काही उरणार नाही. सकाळी अकरानंतर कधीही या, काउंटरवर सांगून ठेवलंय.