पेटी उचलायच्या आधी पटाशी पालथी करून बघा

सुतारकामाची जुनी हत्यारं एकगठ्ठा विकायला निघाली की हौशी माणसाचे हात शिवशिवायला लागतात. मला ते पुरेपूर कळतं. पेटी उघडली की जुन्या तेलाचा वास येतो, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या मुठी दिसतात आणि डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो. एवढे रंधे, एवढ्या पटाश्या (लाकूड तासायच्या छिन्न्या), करवती, गिरमिटं... नवीन घ्यायला गेलो तर केवढ्याला पडतील! हा हिशेब ऐकायला छान वाटतो, पण माझ्या मते तो पायातच चुकलेला आहे. सध्या ओळखीतले दोघंतिघं अशी पेटी घ्यावी की नाही या निर्णयापाशी अडलेत आणि मला विचारतायत, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

लॉटच्या, म्हणजे सबंध पेटीच्या, किमतीला नगांच्या संख्येने भागून "एक नग अमुक इतक्याला पडला" असं काढण्याला काहीच अर्थ नाही. पेटीतले अर्धे नग तुम्ही कधी हातातही धरणार नसता. झिजलेल्या कानशी, एकाच मापाचे तीन हातोडे, मूठ नसलेले स्क्रूड्रायव्हर, कशाचा तरी अर्धा भाग. हे सगळं आकडा फुगवतं आणि नंतर तुमच्या घरातली जागा खातं. त्यापेक्षा कागद घ्या आणि लिहा, यातलं कुठलं हत्यार सुटं विकायला असतं तरी मी घेतलंच असतं? तेवढ्यांचीच किंमत धरा, बाकीच्यांची शून्य. तेवढ्यांवर सौदा परवडत असेल तर पेटी उचला. परवडत नसेल तर उरलेला ढीग कितीही मोठा असो, त्याने काही फरक पडत नाही.

आणि ती यादी लांबलचक नसतेच. एक जॅक रंधा (सुरुवातीच्या भरड कामाचा), एक सफाईचा रंधा, वेगवेगळ्या रुंदीच्या तीनचार पटाश्या, एक उभी चिरायची आणि एक आडवी कापायची करवत, काटकोन बघायचा गुण्या, कडेला समांतर रेघ मारायचं मार्किंग गेज, लाकडी हातोडा. एवढ्यावर स्टूल होतं, खोका होतो, फडताळ होतं. बाकीची हत्यारं काम मागेल तशी येतात.

आता ही हत्यारं तपासायची कशी? रंध्यापासून सुरुवात करा, कारण लॉटची किंमत बहुतेक वेळा लोखंडी रंध्यांच्या जोरावरच सांगितलेली असते. अमेरिकेतल्या स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये लिओनार्ड बेलीचा रंधे बनवायचा धंदा विकत घेतला, आणि त्या रचनेचे नंबर आजही जगभर चालतात. चार नंबर म्हणजे साधारण ९ इंची सफाईचा रंधा, पाच नंबर १४ इंची जॅक, सात नंबर २२ इंची, लांब फळीची कड सरळ करणारा. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीने १९३१ पासून याच नंबरांच्या आधी शून्य लावून रंधे काढले. नंबर वाचता आला की रंधा कशाचा हे कळतं. तो कशा अवस्थेत आहे हे मात्र उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून उघडाच. विकणाऱ्याला विचारून वरची खीळ सोडवा, पातं बाहेर काढा आणि नुसतं अंग हातात घ्या.

हे अंग बिडाचं असतं. बीड वाकत नाही, तडकतं. रंधा कधी काँक्रीटवर पडला असेल तर त्याची खूण तोंडाच्या (तळातल्या ज्या फटीतून पातं बाहेर येतं तिच्या) कोपऱ्यात किंवा बाजूच्या भिंतीत सापडते. केसासारखी काळी रेघ असते, तिच्यात तेल आणि गंज मुरलेला असतो. टॉर्च तिरपा धरा, नखाने चाचपा, मग अंग बोटावर तोलून दुसऱ्या हाताच्या पेराने हलकेच टिचकी मारा. धड अंग खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. तोंडाशी तडा असेल तर तो रंधा माझ्या यादीतून बाद. त्याचे सुटे भाग कामाला येतील, पण रंधा म्हणून त्याची किंमत धरू नका.

दुसरं म्हणजे सगळे भाग जागेवर आहेत ना ते बघा. "स्क्रूच तर नाहीये, टाकू दुसरा" असं म्हणू नका. स्टॅन्लेच्या जुन्या रंध्यांतल्या काही स्क्रूंचे आटे नेहमीच्या मापाचे नसतात, त्यामुळे साध्या हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू बसतच नाही. याउलट मूठ तुटलेली असेल तर अजिबात घाबरू नका. मूठ लाकडाची असते आणि ती घडवणं हा सुरुवातीचा फार चांगला धडा आहे. काळा रंग उडालाय, वरवर गंज चढलाय, त्याचंही काही नाही. तळ मात्र पोलादी पट्टी लावून बघा. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढचा भाग आणि मागचं टोक ही तीन ठिकाणं पट्टीला टेकायला हवीत. मधे कुठे थोडासा खळगा असला तर रंधा बिनतक्रार चालतो.

पेटीत लाकडी रंधे असतील तर लोक ते बाजूला सारतात. मला ते पटत नाही. त्यांची पाती जाड असतात, आणि बऱ्याच जुन्या पात्यांत घडीव लोखंडावर पोलादाचा पातळ थर तापवून जोडलेला असतो. धार त्या पातळ थराचीच असते आणि मागचं लोखंड मऊ असतं, त्यामुळे दगडावर ती भराभर धारेला येतात. फक्त लाकडाला बारीक भोकं असतील तर रंधा कागदावर आपटून बघा. ताजी पूड पडली तर आत कीड जिवंत आहे, आणि ती तुमच्या चांगल्या लाकडात येऊ देऊ नका.

आता पटाश्या. माझं सगळ्यात जास्त सांगणं इथेच आहे. पटाशी हातात घेतली की जो तो तिच्या उतरत्या बाजूकडे बघतो, धार चमकते का ते बघतो. पालथी करा. सपाट पाठ बघा, आणि तीही टोकापासून इंचभर. धार म्हणजे दोन पृष्ठं जिथे मिळतात ती रेषा, आणि त्यातलं एक पृष्ठ ही पाठ आहे. पाठीवर गंजाने खोल खड्डे पाडले असतील तर उतरती बाजू तुम्ही कितीही घासा, प्रत्येक खड्ड्यापाशी धारेला खाच पडणार आणि लाकडावर ओरखडा उमटणार. तेच खड्डे वरच्या बाजूला किंवा मुठीजवळ असतील तर कामाला काही अडत नाही. वरवरच्या तपकिरी गंजाची भीती बाळगू नका. अंगठ्याने किंवा तेलाच्या फडक्याने घासून बघा, खाली गुळगुळीत लागलं की झालं.

टोक निळं पडलंय का तेही बघा. कोणीतरी फिरत्या दगडावर दाबून धार काढताना पातं तापवलं असेल तर पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कडकपणा जातो. साध्या कार्बन पोलादावर निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, आणि तिथवर तापलेलं टोक धार धरत नाही. निळा भाग थोडा असेल तर तेवढा हळूहळू घासून काढता येतो. अर्धी पटाशीच निळी असेल तर सोडा. इंग्लंडकडच्या जुन्या पटाश्यांवर "कास्ट स्टील" असा ठसा दिसला तर खूश व्हायला हरकत नाही. ते मुशीत वितळवलेलं पोलाद. बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात शेफील्डजवळ ही पद्धत बसवली आणि नंतर कित्येक पिढ्या धारेच्या हत्यारांना तेच पोलाद वापरलं गेलं. तरी ठसा बघून पाठ बघायचं विसरू नका.

करवतीत नाव बघून भाळणारे पुष्कळ. मुठीवरचं पितळी पदक वाचतात, डिस्टन लिहिलेलं दिसलं की पैसे काढतात. हेन्री डिस्टनने १८४० मध्ये फिलाडेल्फियात सुरू केलेल्या या कंपनीच्या जुन्या करवती उत्तम असतात, यात वाद नाही. ते पदक करवतीचा काळ ओळखायलाही उपयोगी पडतं. पण आधी करवत बंदुकीसारखी डोळ्याशी धरा आणि दात्यांच्या रेषेवरून टोकाकडे नजर टाका. सबंध पातं एका बाजूला हळुवार वाकलेलं असेल तर ते सरळ होऊ शकतं. एकाच जागी मोड पडली असेल तर ती नवशिक्याच्याने निघत नाही. ओळीने दाते तुटलेले असतील तर सगळे दाते नव्याने पाडावे लागतात, तो वेगळाच उद्योग आहे. आणि दात्यांची टोकं तेवढी निळसर काळी दिसली तर ती अलीकडची, दाते कडक केलेली करवत. तिच्यावर कानस चालत नाही, नुसती घसरते. दाते बोथट झाले की ती करवत संपली.

गुण्या तपासायला मिनिटही लागत नाही. सरळ कडेची फळी घ्या, गुण्या कडेला टेकवून बारीक रेघ मारा, मग तो उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढं अंतर दिसतं त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. गिरमिटाच्या पात्यांना टोकाचा बारीक स्क्रू आणि कडेच्या नख्या शाबूत हव्यात, नाहीतर ती लाकडात शिरत नाहीत. झिजलेल्या कानशींना शून्य. मधे खोलगट झालेला धारेचा दगड सपाट करता येतो, घ्या.

आता जे बोलल्यावर काही जण नाराज होतात ते बोलतो. तुम्हाला धार लावता येत नसेल तर हा लॉट आत्ता घेऊ नका. चांगला असला तरी. जुनं हत्यार घेणं म्हणजे जवळजवळ नेहमीच बोथट हत्यार घेणं. ते धारेला आणणारं दुसरं कोणी नसतं, तुम्हीच असता. मी हे फार वेळा बघितलंय. माणूस हौसेने पेटी घरी नेतो, पहिल्याच रविवारी बोथट पटाशीने लाकूड चेंगरतं, रंधा अडकत अडकत चालतो आणि तो मनाशी ठरवतो की आपला हात या कामाला नाही. हात असतो हो त्याचा! धार नसते. एका चांगल्या माणसाचं मन या कामावरून उडतं याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून आधी एकच पटाशी घ्या, जुनी किंवा नवी, आणि एक दगड. पाठ सपाट करायला शिका, उतार एका कोनात धरायला शिका, धारेवरून पाठीकडे मुडपलेला बारीक कंगोरा बोटाला लागेपर्यंत घासायचं म्हणजे काय ते कळू द्या. पाइनसारख्या मऊ लाकडाचं आडवं टोक (जिथे लाकडाच्या रेषा आडव्या कापलेल्या असतात) न चुरगळता तासता आलं की मग खुशाल लॉट बघायला जा. तेव्हा तुम्हाला पेटीत दिसणाऱ्या गोष्टीही वेगळ्या असतील.

वेळेचाही हिशेब मनाशी खरा ठेवा. गंजलेला रंधा कामाला लावायला निवांत एक दिवस जातो असं धरा. पटाशीची पाठ खराब असेल तर ती एकटीच संध्याकाळ खाते. कोणाला हे काम मनापासून आवडतं, आणि त्यात काही गैर नाही. मात्र तुम्हाला टेबल करायचंय की जुने रंधे उजळायचेत, हे स्वतःला विचारून घ्या. टेबलच करायचं असेल तर चांगल्या अवस्थेतली चार सुटी हत्यारं जास्त पैसे देऊन घेतलेली बरी.

गंज काढायला पाण्यात मिसळलेलं सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर पुरतं. मधे मधे बघत राहा, विसरून जाऊ नका. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, लगेच कोरडं करा, तेल लावा. पट्ट्याच्या सँडरवर चढवू नका. कडा गोल होतात, ठसे जातात आणि पातं तापतं ते वेगळंच. धुण्याचा सोडा आणि वीज वापरून गंज काढणार असाल तर विजेच्या दुसऱ्या तारेला जोडायचा धातूचा तुकडा स्टेनलेसचा कधीच लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

भाव करताना एक गोष्ट पाळा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अशी पेटी विकणारा बहुतेक वेळा ती वापरणारा नसतो. वापरणारा गेलेला असतो किंवा त्याचे हात आता चालत नाहीत, आणि घरच्यांना त्या ढिगात काय आहे याची कल्पना नसते. समजा त्यात स्टॅन्लेचा एक नंबरचा रंधा निघाला. जेमतेम साडेपाच इंची, खेळण्यातला वाटावा असा. संग्रह करणारे त्याच्यासाठी फार मोठी किंमत मोजतात. तुम्ही तो ओळखलात आणि गप्प राहून भंगाराच्या भावात उचललात, तर व्यवहार कायद्याने बरोबर असेल, पण मी त्याला चांगला व्यवहार म्हणणार नाही. सांगा त्यांना, "एवढा वेगळा काढून ठेवा, याची नीट चौकशी करा." बाकीच्या पेटीचा भाव मग मोकळेपणाने करा. आणि घरात कोणाला आठवण म्हणून एखादं हत्यार ठेवायचंय का, हेही विचारा. पुष्कळदा पैशाच्या बोलण्यात ते राहूनच जातं.

"सगळं घ्या नाहीतर काहीच नाही" असं विकणारा म्हणाला तरी एकदा सुट्यासाठी विचारून बघा. नाहीच म्हणाला आणि तुमच्या यादीतली हत्यारं धड असली, तर घ्या, आणि नको असलेली घरी आणल्यावर लगेच शिकणाऱ्या कोणाला तरी देऊन टाका.

ज्यांनी मला विचारलंय त्यांनी लॉटचा लांबून काढलेला एक फोटो पाठवू नका, त्यावरून काही सांगता येत नाही. पातं काढून रंध्याच्या तोंडाचा, पालथ्या पटाशीच्या टोकाचा आणि दात्यांच्या रेषेवरून बघितलेल्या करवतीचा असे तीन फोटो जवळून, तिरप्या उजेडात काढा. तेवढ्यावर मी हो किंवा नाही नक्की सांगेन.