आमच्या राजापूरकडे काय झालं

विरोधकांवरचा राग म्हणजे आपल्याच मनातली खोट त्यांच्यावर ढकलणं, असं एका लेखात वाचलं. मला हे अर्धंच पटलं. आमच्याकडे तेलाची रिफायनरी हवी की नको, या वादात दोन्ही बाजू एकमेकांना ‘विकले गेलेत’ म्हणायच्या. आमच्या वाडीतली दोन घरं, भावकीतलीच, तेव्हापासून गणपतीत एकमेकांच्या आरतीला जात नाहीत. दोघांनीही कुणाचा पैसा घेतलेला नाही, मग खोट कसली? २०१४ चं एक संशोधन इथे जास्त लागू पडतं. अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांचे समर्थक आपला पक्ष आपल्या माणसांवरच्या प्रेमापोटी भांडतो आणि समोरचा द्वेषापोटी, असंच धरून चालतात. समोरच्याच्या हेतूच्या अचूक अंदाजाला पैसे देऊ केले, तेव्हा मात्र हा कल कमी झाला. आमच्याकडे एकाला आंब्याच्या कलमांची काळजी, दुसऱ्याला मुंबईला गेलेल्या पोराची. पुढाऱ्यांनी दोघांना एकत्र बसवून हे कधी विचारलंच नाही, याचा मला फार राग येतो.