सोयाबीन विकण्याआधी वॉशिंग्टनला विचारा

मोंढ्यात सोयाबीन नेताना तुम्ही काय बघता? ओल किती, मातेरं किती, आडत्या कोण. चुकताय तुम्ही. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, वर्षातून आठदा व्याजदर ठरवायला बसते. त्या आठ तारखा पंचांगात अमावास्येशेजारी लिहून ठेवा. निकाल आपल्याकडे रात्री साडेअकराला येतो, हिवाळ्यात साडेबाराला. लाइटीच्या रात्रपाळीला मोटार चालू करायला तुम्ही जागे असताच; दारं धरता धरता मोबाइलवर बघून घ्यायचं.

समजायला सोपं आहे. तिकडे दर वाढला की डॉलरवाल्याला घरबसल्या जास्त व्याज मिळतं. मग इथल्या शेअरबाजारात आलेला परदेशी पैसा गाठोडं बांधतो, जाताना रुपये विकून डॉलर घेतो आणि रुपया पडतो. मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये फेडने दर जवळपास शून्यावरून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेला. एकट्या २०२२ मध्ये डॉलर ७५ च्या आसपासवरून ८३ रुपयांपर्यंत गेला, तोही रिझर्व्ह बँक साठ्यातले डॉलर विकत असताना. निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार रुपये हा हिशेब तोंडपाठ असलेल्या आपल्या आजोबांना हे लगेच कळलं असतं. निजामाचा रुपया निदान रात्रीतून हलत नव्हता.

तर रुपया पडला म्हणून रडू नका, देशकार्य समजा. पोटॅश बाहेरून येतं, डिझेलचं कच्चं तेल बाहेरून येतं. त्यांचे भाव त्या वर्षी युक्रेनच्या युद्धानेही चढवले होते, त्यावर रुपयाने आपली भर घातली. आता तुमच्या मनात येईल, मग बाहेरचं खाद्यतेलही महागणार, म्हणजे आपल्या सोयाबीनला भाव येणार! हुशार आहात. पण हे दिल्लीला तुमच्या आधी सुचतं. त्या वर्षी कच्च्या सोयातेलावरचं आयातशुल्क साडेपाच टक्क्यांवर आणून ठेवलं होतं, आणि वर २० लाख टनांचा कोटा शुल्काविनाच. थोडक्यात, तुम्ही जे विकत घेता ते डॉलरच्या भावाने घ्यायचं आणि जे विकता ते शहरातल्या फोडणीच्या सोयीने विकायचं. आडत्याची हिशेबाची पट्टी हातात आली की नीट घडी घालून खिशात ठेवा, आडत्याशी वाद घालू नका. तो बिचारा फेडचा सभासद नाही.

संभाजीनगरात फ्लॅट घेतलेल्या पोरालाही चार गोष्टी सांगा. ४ मे २०२२ ला दुपारी आपल्या रिझर्व्ह बँकेने ठरल्या वेळापत्रकाबाहेर रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, वाढवला. त्याच रात्री फेडने वाढवला. महागाई आपली स्वतःचीही होती म्हणा. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो चारावरून साडेसहा टक्क्यांवर गेला. पोरगा म्हणेल, माझा हप्ता तर वाढलाच नाही. पेढे वाटा! २५ लाख, २० वर्षं, पावणेसात टक्के, हप्ता १९ हजार. रेपोबरोबर कर्जाचा दरही अडीच टक्क्यांनी चढला, तर सव्वानऊ टक्क्यांनी २५ लाखांचं महिन्याचं नुसतं व्याजच १९,२७० रुपये होतं. हप्ता तोच राहिला तर फेडायचं कुणी, नातवाने? अशा वेळी मुदत गुपचूप लांबवू नका, कर्जदाराला विचारा, असं ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना लेखी सांगावं लागलं.

एवढं सगळं नको वाटत असेल तर गावातला सावकार आहे. शेकडा तीन, महिन्याला. फेडचा दर शून्यावर होता तेव्हाही तीन, साडेपाचावर गेला तेव्हाही तीन. परदेशी दबावाला न जुमानणारी आपल्याकडची ही एकमेव वित्तसंस्था. कागदपत्रांचाही त्रास नाही; सातबारा आणि अंगठा, बस.